चावीवाला आणि हजेरीची वही

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. जुळे सोलापुरातील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब आपल्याच बंद दारासमोर खोळंबले आहे. दार आपोआप लागले, किल्ली आत राहिली, गॅसवर दूध तसेच आहे. कोणीतरी एका दुकानाच्या शटरवर रंगवलेला मोबाईल क्रमांक आठवून फोन करतो. नवी पेठेच्या आसपास दिवसभर पदपथावर बसून चाव्या करणारा एक माणूस जेवण अर्धवट टाकून उठतो, कानशी, आकडे, तारा, पक्कड आणि कोऱ्या चाव्यांचा जुडगा असलेली पिशवी खांद्याला लावतो आणि मोपेडला लाथ मारतो. वाटेत नाकाबंदी असते. पिशवी उघडली जाते. त्या क्षणी हा मनुष्य कारागीर राहत नाही. कायद्याच्या भाषेत तो घरफोडीची हत्यारे बाळगून सूर्यास्तानंतर फिरणारा इसम ठरतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९५१ सालचा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो, त्याचे कलम १२२ उघडून पाहावे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात ज्याच्याजवळ घरफोडीचे कोणतेही साधन कायदेशीर सबबीवाचून आढळेल तो शिक्षेस पात्र ठरतो, आणि ती सबब होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या मनुष्यावरच टाकलेली आहे. फौजदारी न्यायाचे सर्वमान्य तत्त्व असे की गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षाने वाहावा. येथे ते तत्त्व सूर्याबरोबर मावळते. चोराची पहार आणि चावीवाल्याची कानस यांत फरक कसा करायचा, याविषयी कलम मौन पाळते. तो फरक रस्त्यावर उभा असलेला शिपाई करणार, आणि तो कोणत्या निकषावर करणार हे पिशवीवाल्याच्या कपड्यांवरून, भाषेवरून आणि आडनावावरून बहुधा आधीच ठरलेले असते.

या कलमाची वंशावळही पाहण्याजोगी आहे. रात्री घरफोडीचे साधन जवळ असणे हाच अपराध मानायचा व निर्दोषपणाचा पुरावा आरोपीनेच द्यायचा, ही कल्पना इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातील चोरीविषयक कायद्यातून आली. खुद्द इंग्लंडने तो जुना कायदा १९६८ साली रद्द करून त्या जागी नवा आणला. राज्यकर्त्यांनी आपल्या घरातली जुनी वस्तू टाकून दिली. ती आपण मात्र जपून ठेवली आहे, आणि वर त्यावर स्वातंत्र्योत्तर कायद्याचा शिक्का मारला आहे.

चावीवाल्याचे काम काय असते, हे न समजून घेता त्याच्याविषयी मत बनवणारे पुष्कळ. सामान्य समजूत अशी की तारेने कुलूप उघडणे ही हातचलाखी आहे आणि हातचलाखी येणारा मनुष्य अर्धा चोर असतोच. वास्तविक कुलपाच्या पोटात काय दडले आहे याचे ज्ञान ही एक स्वतंत्र विद्या आहे. आपल्याकडील जुन्या दारांच्या कुलपांत पितळी पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली गेली तरच खिटी सरकते. नव्या दारांच्या नळीसारख्या कुलपांत बारीक खिळ्यांची रांग असते. जाणकार कारागीर कोरी चावी आत घालून फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या सूक्ष्म खुणा दिव्यापुढे धरून वाचतो, तेवढेच कानशीने घासतो, पुन्हा घालतो. दहा-बारा वेळा हे केल्यावर जी चावी तयार होते ती हरवलेल्या चावीची जुळी बहीण असते. कुलूप शाबूत, दार शाबूत. हातोडीने तोडणे कोणालाही येते. त्यासाठी चावीवाला लागत नाही आणि चोराला चावीवाल्याची विद्याही लागत नाही. त्याला कोयंडा उखडणारी पहार पुरते. घरफोडीच्या बहुतेक बातम्यांत ‘कुलूप तोडून’ हेच शब्द असतात, ‘कुलूप उघडून’ हे क्वचित. हा भेद बातमी वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कायदा राबवणाऱ्याच्या तरी यायला हवा.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने त्या काळी अभेद्य मानली जाणारी चब आणि ब्रामा या कंपन्यांची कुलपे जाहीरपणे उघडून दाखवली. ब्रामाच्या कुलपासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासेक तास खपावे लागले आणि कंपनीने कित्येक दशके दुकानात जाहीर करून ठेवलेले दोनशे गिनींचे बक्षीस त्याला मिळाले. कुलपे सुधारली ती या फजितीमुळे. हॉब्जचा सन्मान झाला. तीच विद्या सोलापूरच्या पदपथावर बसली की तिची झडती होते. फरक विद्येत नाही, विद्यावंताच्या वर्गात आहे.

या श्रमाच्या मोबदल्याचेही एक विलक्षण अर्थशास्त्र आहे. दार बंद असते तेव्हा गिऱ्हाईक काहीही द्यायला तयार असते, दार उघडले की तेच गिऱ्हाईक म्हणते, “दोन मिनिटांचं तर काम, एवढे कशाचे?” म्हणजे नवशिक्याने तासभर झटून, कुलूप खराब करून दार उघडले तर त्याला सहानुभूती आणि पूर्ण पैसे, निष्णाताने दोन मिनिटांत उघडले तर घासाघीस. मार्क्सने कुशल श्रम हा साध्या श्रमाचा गुणाकार असल्याचे सांगितले. त्या दोन मिनिटांत वडिलांच्या शेजारी बसून कानस धरायला शिकण्याची पाच-सात वर्षे साठलेली असतात. अर्थशास्त्राची पदवी घेतलेले लोकही मध्यरात्री दारात उभे राहून हा हिशेब विसरतात. डॉक्टरच्या दोन मिनिटांबद्दल मात्र त्यांची तक्रार नसते.

तथापि मजुरीची घासाघीस हा या व्यवसायातला लहान प्रश्न होय. मोठा प्रश्न आहे तो बोलावणाऱ्याचा. चावीवाल्याला सर्वांत जास्त भय वाटेवरच्या लुटारूचे नसते. ज्याने फोन केला तो कोण, हे त्याला ठाऊक नसते. आणि धोका तेथेच असतो. दारासमोर उभा असलेला मनुष्य ‘माझेच घर आहे’ म्हणतो. ते त्याचेच असते का? पत्नी माहेरी गेली असताना कुलूप बदलून तिला बाहेर ठेवू पाहणारा नवरा ‘माझेच घर’ म्हणतो; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने त्या घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य केलेला असतो. भाडेकरू गावी गेल्याची संधी साधून खोली रिकामी करू पाहणारा घरमालक ‘माझेच घर’ म्हणतो, आणि मालकी त्याची असली तरी भाडेकरूला न्यायालयाच्या हुकुमावाचून बाहेर काढण्याचा अधिकार त्याला नसतो. वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ दोघेही ‘माझेच’ म्हणतात. सावकाराचा माणूस कर्जदाराच्या दुकानासमोर उभा राहून तेच म्हणतो. वसुलीच्या एजन्सीचा धटिंगण ‘बँकेचा आदेश आहे’ म्हणतो. वास्तविक २००२ च्या कर्जवसुलीविषयक कायद्यानुसार बँकेला ताबा घ्यायचा असेल आणि विरोध असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत घेण्याची पद्धत घालून दिलेली आहे. पण मध्यरात्री कोणता चावीवाला आदेशाच्या कागदावरची मोहर तपासत बसणार, आणि चार जण भोवती उभे असताना ‘नाही’ म्हणून तेथून निघणार कसा?

उघडले तर दुसरा पक्ष उद्या पोलिसांत जाऊन त्याचे नाव घेणार. न उघडले तर पहिला पक्ष आत्ताच गचांडी धरणार. अपराधाला सहाय्य केल्याचा आरोप न्यायालयात टिकायला त्याला अपराधाची जाणीव होती हे दाखवावे लागते, हे खरे. पण न्यायालयापर्यंत पोहोचण्याआधी जी चौकशी, जे दिवसभराचे ठाण्यात बसवून ठेवणे, जप्त झालेली अवजारे आणि बुडालेली रोजी असते, तीच गरिबाची शिक्षा असते. निर्दोष सुटल्यावर ती परत मिळत नाही.

दुसरीकडे हाच संशयित इसम पोलिसांना हवा असतो. आतून बंद दारामागे एकटा राहणारा वृद्ध दोन दिवस दिसला नाही, शेजाऱ्यांना वास आला, की दार उघडायला त्यालाच बोलावतात. आत काय दिसेल हे माहीत असूनही तो उघडतो. कधी पंच म्हणून सहीही करतो. सकाळी पिशवीची झडती घेणारी व्यवस्था रात्री त्याच पिशवीच्या भरवशावर आपले काम उरकते. या कामाचा दर कोणी ठरवला आहे? कोणत्या खात्यातून तो मिळतो? त्या प्रेताच्या दर्शनानंतर दुसऱ्या दिवशी त्याने धंद्यावर बसावे की बसू नये, याचा विचार कोणी केला आहे?

डोळ्यांत उडणाऱ्या पितळी कणांची, घासणीच्या यंत्रात सापडणाऱ्या बोटांची गोष्ट वेगळीच. येथे एवढेच नोंदवणे पुरे की १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून ते २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत अपघाताच्या भरपाईची सारी कल्पना मालक-नोकर या नात्यावर उभी आहे. ज्याला मालकच नाही त्याने दावा कोणावर लावायचा? वीस रुपये वार्षिक हप्त्याचा दोन लाखांचा अपघात विमा आहे, तो मृत्यू व अपंगत्वापुरता. पंधरा दिवस डोळ्यावर पट्टी बांधून घरी बसलेल्याला त्यातून दमडी मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. शहरात चोऱ्या वाढल्या अशी ओरड झाली की एक सोपा उपाय सुचवला जातो: सर्व चावीवाल्यांची पोलीस ठाण्यात नोंद करा, छायाचित्रे घ्या, बोटांचे ठसे घ्या. सुशिक्षित नागरिकांना हा उपाय अत्यंत समंजस वाटतो. इतर कोणत्याही शहरात वाटो. सोलापुरात तो वाटू नये. कारण नोंदवही म्हणजे काय असते, हे या शहराने तारेच्या कुंपणाआडून पाहिले आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९११ साली त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरली आणि त्यानंतर सोलापुरात मोठी ‘सेटलमेंट’ वसवण्यात आली. काटेरी तारांच्या आत कुटुंबेच्या कुटुंबे, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. त्याच वेळी सोलापूरच्या कापड गिरण्यांना या वसाहतीतून स्वस्त, पळून जाऊ न शकणारा मजूर मिळत होता, ही गोष्ट सुधारणेच्या गोंडस भाषेत झाकली गेली. गिरणीचा भोंगा आणि हजेरीची घंटा यांचे साटेलोटे होते. मुंबई प्रांताने १९४९ साली तो कायदा रद्द केला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. तारा निघाल्या, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव मात्र शहराच्या पत्त्यांत आजही आहे. माणसाच्या पत्त्यातच तो पूर्वी कैदेत होता हे लिहिलेले असावे, याहून मोठी नोंदवही कोणती? आणि कायदा गेला तरी १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, ज्याच्या मार्गाने जुनी नजर नव्या चौकटीत टिकून राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ साली असे कायदे रद्द करावेत असे भारताला सांगितले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ साली सरकारला सादर झाला. त्यापुढे काय झाले ते भटके-विमुक्त जाणतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यात होते. म्हणजे प्रजासत्ताकाच्या पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत ते कागदावर होते.

चावीच्या धंद्याचा या इतिहासाशी संबंध केवळ रूपकाचा नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत हे काम शिकलीगर कुटुंबे करतात. हत्यारांना धार व झिलई देणे हा त्यांच्या पूर्वजांचा व्यवसाय. त्यांचे नावच त्यावरून पडले. सत्तावन्नच्या उठावानंतर राज्यकर्त्यांनी जनतेची शस्त्रे काढून घेतली, १८७८ चा शस्त्र कायदा आला, आणि शस्त्रांना धार लावणारा हात कात्री, बादली, चावी यांकडे वळला. ज्या राज्याने त्याचा धंदा नेला, त्याच राज्याचा वारसा सांगणारा शिपाई आज त्याला विचारतो की हा धंदा का करतोस.

‘पण चावीवाल्याचीच चोराला मदत झाली असे कधी घडत नाही काय?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. घडत असेल. बँकेतल्या अफरातफरींत बँकेचे कर्मचारी सापडतात. म्हणून देशातील प्रत्येक रोखपालाचे ठसे ठाण्यात जमा करावेत असे कोणी म्हणत नाही. आणि नोंदणीला विरोध नाहीच. प्रश्न आहे तो नोंद कोणाची, कोणाकडे आणि कशासाठी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कुलूपवाल्याला परवाना लागतो. पण त्याबरोबरच घर वा गाडी उघडून मागणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि सही घेतलेला कागदही तेथे लागतो. म्हणजे जो दार उघडायला सांगतो त्यानेही उत्तरदायी व्हावे. आपल्याकडे सुचवले जाते ते बरोबर उलट: बोलावणारा सद्गृहस्थ, येणारा संशयित.

येथे सोलापूरच्याच इतिहासातील आणखी एक कुलूप आठवते. १९४९ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या व्यवस्थापनाने गिरणी बंद केली आणि हजारो कामगार दारांबाहेर राहिले. ती चालवण्यासाठी केंद्र सरकारला १९५० साली खास वटहुकूम व मग कायदा करावा लागला, आणि भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० साली न्यायालयाने एकाचा अर्ज फेटाळला. १९५३ साली दुसऱ्याचा मान्य करून मालमत्तेच्या हक्कापुढे तो कायदा टिकू दिला नाही. कुलूप लावणाऱ्याच्या हक्काची एवढी सूक्ष्म चर्चा ज्या व्यवस्थेत होते, तेथे कुलूप उघडणाऱ्याच्या हक्कावर चार ओळीही नसाव्यात यात आश्चर्य ते कसले!

सरकारचा डावा हात काय करतो हे उजव्याला ठाऊक नसल्याचे उदाहरण ताजे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत कुलूपवाला आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांचे कर्ज. ठीक आहे, अवजारे मिळावीत. पण केंद्राने दिलेली ही अवजारे घेऊन तो सूर्यास्तानंतर बाहेर पडला की राज्याच्या कलम १२२ प्रमाणे त्याने आपली निर्दोषता सिद्ध करायची! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही पथविक्रेता मानले, त्याला प्रमाणपत्राचा हक्क दिला, नगर समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना चाळीस टक्के जागा ठेवल्या. हा चांगला कायदा आहे. परंतु त्याचे संरक्षण पदपथापाशी संपते. रात्रीच्या बोलावण्यावर जाणारा चावीवाला पदपथ सोडून दुसऱ्याच्या जिन्यावर चढलेला असतो.

आणि कामगार चळवळीनेही या मनुष्याकडे पाठ फिरवली आहे, हे कबूल केले पाहिजे. ज्याचा मालक दिसत नाही त्याला संघटित कसे करायचे, या कोड्यापाशी आपले कार्यकर्ते थबकतात आणि त्याला ‘छोटा व्यावसायिक’ म्हणून व्यापारी संघाच्या स्वाधीन करतात. हे कोडे सुटत नाही असे नाही. माथाडी-हमालांना ठरावीक मालक नव्हता. १९६९ च्या कायद्याने मंडळाच्या रूपाने तो निर्माण केला. घरी बसून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या स्त्रियांना कामगार मानायलाच कारखानदार तयार नव्हते. १९६६ च्या कायद्याने आणि त्याहून अधिक त्यांच्या लढ्याने ते मानावे लागले. विडी कामगार स्त्रीच्या हाती ओळखपत्र आले आणि त्या कागदावर दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, पुढे घरदेखील मागता आले. चावीवाल्याला पोलीस ठाण्यातून जो कागद देऊ केला जातो त्यावरही छायाचित्रच असते. त्या कागदावर त्याला काही मागता येत नाही. फक्त त्याला बोलावता येते.

सोलापुरात या कामाला हात घालायचा तर आरंभ लहान असावा. मोठी सहकारी संस्था काढून तिच्या अध्यक्षपदावरून भांडणे लावण्याची हौस या जिल्ह्याने पुष्कळ भागवून घेतली आहे. वीस-पंचवीस चावीवाल्यांनी रात्रीपुरता एक फोन क्रमांक ठेवावा, पाळ्या लावाव्यात, रात्री दहानंतर कोणीही एकट्याने जाऊ नये. जाण्यायेण्याचा व उघडण्याचा दर छापून ठेवावा आणि तो फोनवरच सांगावा, म्हणजे दारात घासाघीस उरणार नाही. कामाची दुप्रत पावती असावी: बोलावणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, घराशी असलेले नाते, एका शेजाऱ्याची सही, एक प्रत त्याच्याकडे, एक कारागिराकडे. जो सही द्यायला नकार देईल त्याचे दार उघडायचे नाही, आणि ‘संघटनेचा नियम आहे’ हे तीन शब्द एकट्या माणसाच्या ‘नाही’पेक्षा पुष्कळ सुरक्षित असतात. ओळखपत्र महापालिकेच्या नगर विक्रेता समितीने द्यावे, ठाण्याने नव्हे. आणि ते जवळ असेल तर कलम १२२ मधील ‘कायदेशीर सबब’ सिद्ध झाली असे धरावे, इतकी दुरुस्ती विधानसभेत मागावी. पोलिसांनी दार उघडायला बोलावले तर तीच पावती त्यांच्याकडूनही घ्यावी, त्याच दराने.